चपलांजवळची जागा

कॉलेजच्या पहिल्या वर्षाला आम्हाला इंग्रजी शिकवणारे सर शब्दाचा अर्थ कधी सरळ सांगायचे नाहीत. आधी एखादी गोष्ट सांगायचे, मग अर्थ. फॉरफिट हा शब्द आला त्या दिवशी त्यांनी कबड्डीची गोष्ट सांगितली. सौंसरला सामने होते. बोरगावची टीम तगडी, समोरच्यांना धूळ चारणार हे सगळ्यांना माहीत. पण येताना वाटेत कोणाच्या तरी लग्नाची पंगत लागली आणि हे पैलवान जेवायला बसले. मैदानावर पोचले तेव्हा पंच शिट्टी खिशात टाकून घराकडे निघाले होते.

"ते हरले नाहीत," सर म्हणाले. "हरायला आधी खेळावं लागतं. खेळायचा हक्क होता, तो त्यांनी आपल्याच करणीनं घालवला. चोरानं नेलं तर ते फॉरफिट नव्हे. आपण खुशीनं कोणाला देऊन टाकलं तरी नव्हे. आपण काही केलं, किंवा करायचं ते केलं नाही, आणि त्यापायी आपला हक्क गेला, तरच हा शब्द वापरायचा."

मला नवीन शब्द मिळाला की तो घरभर उधळायची खोड होती. सरांची गोष्ट अर्थासकट त्याच रात्री सगळ्यांना ऐकवून झाली. दादा, म्हणजे माझा मोठा भाऊ, उशिरा उठला की मी बंबातलं गरम पाणी स्वतः घेऊन टाकायची आणि सांगायची, "तुझं पाणी फॉरफिट." पोळीच्या गुळाला आधी हात लावला नाही तर गूळ फॉरफिट. बाबा नाक्यावरून उशिरा आले की आईसुद्धा आतून म्हणायची, "सांग तुया बाबाले, चाय फारफीट झाली म्हणा." मग बाबा पाय धुता धुता हसायचे आणि आई पुन्हा चहा मांडायची. आमच्या घरात त्या शब्दानं कोणाचं काही जात नसे.

बाबा नगरपालिकेच्या चुंगी नाक्यावर, म्हणजे जकात नाक्यावर, होते. संत्र्याच्या दिवसांत ट्रकांची रांग लागायची आणि बाबा खाकी कपड्यांत बांबू वरखाली करत दिवसभर उभे असायचे. पण रविवारी सकाळी ते वेगळेच दिसत. आई लोट्यात निखारे घालून त्यांचा पांढरा शर्ट इस्त्री करायची, आणि तो घालून ते आमच्या मोहल्ल्यातल्या विहारात जायचे. विहार कसला, टिनाची एक खोली होती. बुद्धाची मूर्ती, दोन मेणबत्त्या, सतरंजी, एका बाजूला बाया, एका बाजूला माणसं, दाराजवळ चपला. बाबा समोर बसून वंदना सांगायचे, त्रिशरण सांगायचे, पाच शीलं सांगायचे, आणि सगळा मोहल्ला त्यांच्या मागून म्हणायचा. आवाज असा की रस्त्यावरून जाणारा सायकलवाला हळू व्हायचा. हा मान त्यांना कोणी ठराव करून दिला नव्हता. ते आपोआप समोर बसायचे आणि लोक आपोआप मागे.

बाबा विशीत असताना, छप्पन साली, आपल्या वडिलांबरोबर नागपूरच्या दीक्षेला गेले होते. तिथून परतल्यावर आमच्या आजोबांनी गावकीचं काम सोडलं. मेलेलं ढोर ओढणार नाही म्हणाले. गावानं धान्य बंद केलं, मजुरी बंद केली, आणि ते बिऱ्हाड डोक्यावर घेऊन सौंसरला आले. ही गोष्ट आम्ही इतकी ऐकली होती की मधेच थांबली तर पुढचं वाक्य मी सांगू शकत होते.

दुसरी ठरलेली गोष्ट दादाच्या शाळेची. दादाचं नाव घालताना मास्तरांनी भल्या मनानं, सगळ्यांचं लिहायचे तसं, धर्म हिंदू लिहिला. बाबांनी तो खोडायला लावून बौद्ध लिहून घेतला. मास्तर म्हणाले, पोराचं नुकसान होईल. बाबा म्हणाले, खोटं लिहून भलं होत असेल तर नको. माझ्या वेळी मास्तरांनी न विचारताच बौद्ध लिहिलं. बाबा ही गोष्ट सांगताना अजून तो खोडलेला शब्द बघत असल्यासारखे खूश व्हायचे.

आमच्या मोहल्ल्यात बाकी सगळ्यांचं कागदावर एक आणि घरात एक होतं. त्यात कोणाला खोटं बोलतोय असं वाटत नसे. पोराचं घरातलं नाव वेगळं, शाळेतलं वेगळं असतं, तसंच ते. आणि कारणही साधं होतं. त्या काळी केंद्र सरकारच्या नोकरीसाठी बौद्ध लिहिलं की राखीव जागेवरचा हक्क जायचा. आमचं सौंसर मध्य प्रदेशात; सीमेपलीकडे सावनेर-नागपूरकडच्या आमच्या नातेवाइकांना महाराष्ट्र सरकारनं आपल्यापुरती सवलत दिली होती, पण रेल्वे दिल्लीची. जात तीच, मोहल्ला तोच, पाणी प्यायला लोक द्यायचे ते भांडंही तेच, फक्त धर्माच्या रकान्यात खरं लिहिलं की सरकारच्या लेखी तुमचा सगळा भूतकाळ पुसला गेला. मला ह्याचा तेव्हाही संताप यायचा आणि आताही येतो.

आणि दादाला नेमकी रेल्वेच पाहिजे होती. आमच्या सौंसरची छोटी लाइन त्याच्या खिजगणतीत नव्हती. तो बसनं पांढुर्ण्याला जायचा, फॉर्म आणायच्या निमित्तानं, आणि मोठ्या लाइनच्या फलाटावर बसून राहायचा. त्याला ड्रायव्हर व्हायचं नव्हतं, गार्ड व्हायचं होतं. "सारी गाडी समोर जाते, आन् सगळ्यात मांगं मी," असं म्हणताना त्याचा चेहरा उजळायचा. मी म्हणायची, शेवटी राहण्याची एवढी हौस असलेला माणूस पहिल्यांदा पाहिला.

तो बी. ए. झाला होता, शिकवण्या घ्यायचा, परीक्षा द्यायचा आणि थोडक्यात राहायचा. आमच्याच गल्लीतला, त्याच्याकडून गणितं समजून घेणारा एक मुलगा राखीव जागेवर लागला आणि पेढे घेऊन आला. दादानं पेढा खाल्ला, त्याच्या पाठीवर हात ठेवला, आणि नंतर बराच वेळ अंगणात सायकल पुसत बसला. सायकल स्वच्छच होती. वयाची मर्यादा जवळ येत होती आणि घरात कोणी ते बोलत नव्हतं.

मग तो एक दिवस तहसिलीत जाऊन विचारून आला. तिथला बाबू चांगला माणूस होता. त्यानं समजावून सांगितलं की आजोबांची जात गावच्या जुन्या कागदांत आहे, अडचण फक्त शाळेच्या दाखल्यातल्या धर्माची. वडील येऊन साहेबांपुढे बयान देतील की आम्ही हिंदू आहोत, दाखल्यातलं चुकून लिहिलं गेलं, तर प्रमाणपत्र मिळेल. एका ओळीचं काम आहे, सगळे करतात.

दादानं हे जेवताना सांगितलं. आईनं भाकरी तव्यावर तशीच सोडून त्याच्याकडे पाहिलं. बाबा काही वेळ जेवत राहिले.

"बाबा, एक डाव सांगून द्या ना," दादा म्हणाला. "घरी काय बदलते? विहार हाये तिथीच राह्यते. आपण हाओ तेच राह्यतो."

"चुकून लिहिलं म्हणू?" बाबा म्हणाले. "मी चुकून नव्हतं लिहिलं."

"माहीत हाये मले."

"माह्या बापानं गावकी सोडली तं घरात दाणा नव्हता. माय रडून राह्यली होती, तरी त्यानं पाय मांगं नाई घेतला." मग बाबांनी माझ्याकडे पाहिलं. "तुया भाषेत सांगाचं तं त्यानं फॉरफिट केलं. केलं का नाई? समजून-उमजून केलं."

त्या शब्दाला ते पहिल्यांदाच न हसता हात लावत होते. दादानं मान वर केली नाही, ताटातल्या भाकरीचा तुकडा मोडत राहिला, आणि अगदी हळू म्हणाला, "आज्यानं आपलं केलं, बाबा. तुमी माहं करून राह्यले."

भाकरी जळाल्याचा वास आला तेव्हा आईला तव्याची आठवण झाली. बाबांनी ताट पूर्ण केलं, हात धुतले आणि बाहेर जाऊन ओट्यावर बसले. दादाचं म्हणणं खरं होतं. बाबांचंही खरं होतं. मला त्या दोघांचाही राग आला होता, कारण दोघांपैकी एक जरी चुकीचा असता तर मला त्याच्याशी भांडता आलं असतं.

त्यानंतर काही दिवस घरात सगळे एकमेकांशी फार जपून बोलत होते. मग एका सकाळी बाबा दादाला म्हणाले, "चाल, आज जाऊन येऊ." आईनं घाईघाईनं पांढरा शर्ट इस्त्री करून खुंटीला लावला. बाबांनी तो पाहिला आणि नाक्यावरचे खाकी कपडेच चढवले. आई म्हणाली, साहेबापुढं जायचं तर बरे कपडे घालून जा. बाबा म्हणाले, "तो रविवारचा हाये." माझं कॉलेज तहसिलीच्या पलीकडेच होतं म्हणून आईनं मलाही सोबत धाडलं. मला वाटतं, त्या दोघांना एकटं सोडायची तिला भीती वाटत होती.

साहेबांच्या खोलीबाहेर गर्दी होती. आमचा नंबर आला तेव्हा मी दारातच थांबले. साहेब छिंदवाड्याकडचे, हिंदी बोलणारे. कागद चाळून त्यांनी विचारलं, "धर्म?" बाबा काहीतरी बोलले. साहेबांनी मान वर केली. "ज़रा ज़ोर से बोलिए."

विहारात बाबांचा आवाज रस्त्यापर्यंत जायचा. तो आवाज त्या टेबलापलीकडे पोचत नव्हता. दादा खाली फरशीकडे बघत होता. बाबांनी घसा साफ केला आणि म्हणाले, "हिंदू." मग जात विचारली, तीही सांगितली. मग ते शाळेचं चुकून लिहिलं गेल्याचं वाक्यही म्हणाले, बाबूनं सांगितलं होतं तसंच. साहेबांना त्यात काही विशेष वाटलं नाही, त्यांनी पुढच्या माणसाला बोलावलं. बाहेर आल्यावर बाबांनी आम्हाला दोघांना चहा पाजला. स्वतः घेतला नाही. नाक्यावर जायला उशीर होतोय म्हणाले आणि गेले.

त्या रविवारी आई आणि मी नेहमीप्रमाणे बायांच्या बाजूला बसलो. मेणबत्त्या लागल्या. लोक वाट बघत होते. मी मागे वळून पाहिलं तर बाबा दाराजवळ, चपलांच्या कडेला मांडी घालून बसले होते. अंगात पांढरा शर्ट होता. समोरच्या एका म्हाताऱ्या काकांनी हाक मारली, "या ना समोर." बाबा म्हणाले, "आज तुमी सांगा." काकांना वाटलं घसा बसला असेल. त्यांनी अडखळत अडखळत वंदना सांगितली.

पुढच्या रविवारीही बाबा तिथेच बसले. त्याच्या पुढच्याही. बाबा मागून सगळ्यांबरोबर म्हणत, आवाज ओळखू यायचा. पहिलं शील, दुसरं, तिसरं. चौथं शील खोटं न बोलण्याचं. तिथे त्यांचा आवाज थांबायचा आणि पाचव्याला पुन्हा सुरू व्हायचा. माझ्या आधी बहुतेक आईच्या ते लक्षात आलं असावं, कारण चौथं शील आलं की ती माझा हात घट्ट धरायची.

शेवटी मोहल्ल्यातले लोक घरी आले. पेढे आणणाऱ्या मुलाचे वडीलही होते, आणि ते दुखावले होते. "आमी बी तं तेच केलं," ते म्हणाले. "मंग आमी काय विहारात येऊ नोये?"

"तुमाले कोण म्हणते येऊ नोका?" बाबा म्हणाले. "मी बी येतोच ना. पण सांगणाऱ्याचं अलग अस्ते, भाऊ. चौथं शील मी सांगीन आन् तुमी माह्या मांगून म्हणसान, हे नाई जमत."

"कोणी काही बोललं काय तुमाले?"

"कोणीच नाई बोललं."

ते लोक चहा पिऊन गेले. जाताना एक जण म्हणाला, लेकरासाठी माणसाला करावं लागतं. बाबा म्हणाले, "हाव, म्हून तं केलं." त्यांच्या बोलण्यात पश्चात्ताप नव्हता. दादासाठी पुन्हा जावं लागलं असतं तर ते पुन्हा गेले असते, ह्याबद्दल मला आजही शंका नाही.

लोक गेल्यावर मी मात्र त्यांच्याशी भांडले. म्हटलं, सरकारनं तुम्हाला खोटं बोलायला लावलं, मग शिक्षा तुम्ही काऊन भोगता? ज्यांनी असा कायदा केला ते कुठे चपलांजवळ बसतात? मी बरंच बोलले. बाबांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "माय, तूच तं सांगतलं होतं. चोरानं नेलं तं फॉरफिट नाई होत."

त्यानंतर आमच्या घरात तो शब्द थट्टेत कोणी वापरला नाही. बाबांना उशीर झाला तर आई काही न बोलता चहा गरम करून द्यायची. कॉलेजच्या परीक्षेत तो वाक्यात वापरायला आला. मी कबड्डीचं वाक्य लिहिलं आणि मला पूर्ण मार्क मिळाले. पुढे मी इंग्रजीची मास्तरीण झाले. मुलींना मीही बोरगावच्या टीमचीच गोष्ट सांगते. दुसरं उदाहरण माझ्याकडे आहे, पण ते फळ्यासमोर उभं राहून माझ्या तोंडून निघत नाही.

दादा रेल्वेत लागला. आधी शिकाऊ, मग मालगाडीचा गार्ड. त्याच्या पहिल्या पगाराच्या साडीपेक्षा आईला त्याच्या हिरव्या झेंडीचं कौतुक जास्त. एकदा त्याची गाडी दुपारी पांढुर्ण्यावरून जाणार असं त्यानं कळवलं, तेव्हा बाबांनी रजा टाकली आणि मला घेऊन बसनं पांढुर्ण्याला आले. मालगाडी तिथे थांबणार नव्हती. आम्ही फलाटाच्या अगदी टोकाला जाऊन उभे राहिलो. कोळशाचे डबे कितीतरी वेळ खडखडत गेले, आणि सगळ्यात शेवटी छोट्या डब्याच्या कठड्याशी दादा उभा होता, पांढऱ्या कपड्यांत, हातात झेंडी. त्यानं आम्हाला पाहिलं. ड्युटीवर होता म्हणून त्याला हात हलवता येईना, पण गाडी दूर जाईपर्यंत तो आमच्याकडेच तोंड करून उभा राहिला. बाबांनी डोळे पुसले आणि म्हणाले, "शोभते ना कपडे?" मी हो म्हटलं.

सुटीवर आला की दादा रविवार टाळायचा. शनिवारी संध्याकाळी काहीतरी काम काढून निघून जायचा. बाबांनी कधी त्याला विचारलं नाही आणि त्यानं कधी सांगितलं नाही. दोघं एकमेकांशी पूर्वीपेक्षा गोड बोलायचे, आणि तेच ऐकायला जड जायचं.

ते दशक असंच संपलं. नव्वद साली कायदा बदलला. आता बौद्ध लिहिलं तरी राखीव जागेवरचा हक्क जाणार नव्हता. दादाला ही बातमी ड्युटीवर कळली, आणि तो वर्तमानपत्र घेऊन थेट घरी आला. शनिवार होता. बाबा तोवर निवृत्त झाले होते, ओट्यावर संत्री सोलत बसले होते. दादानं पेपर त्यांच्या मांडीवर ठेवला. त्यांनी चष्मा लावून पूर्ण बातमी वाचली, मग पुन्हा वाचली.

"चांगलं झालं," ते म्हणाले. "आता कोन्या बापाले जावं नाई लागन."

"बाबा, आता तरी समोर बसा," दादा म्हणाला. "आता तं सरकारनंच मान्य केलं."

बाबांनी पेपराची घडी घातली आणि सोललेलं संत्रं त्याच्या हातात दिलं. "कायदा त्यायनं बदलवला, बापू," ते म्हणाले. "बोललो तं मी होतो."

दादा त्या शनिवारी गेला नाही. रविवारी सकाळी आंघोळ करून, पांढरा शर्ट घालून आमच्याबरोबर विहारात आला. लोकांनी आत जागा करून दिली, रेल्वेतला मोठा माणूस म्हणून. तो आत आला नाही. बाबांच्या शेजारी, चपलांच्या कडेला बसला. म्हाताऱ्या काकांनी शीलं सांगायला घेतली. मागून बाबांचा आवाज येत होता आणि त्याच्यासारखाच आणखी एक, थोडा कोवळा. चौथं शील आलं तेव्हा आईनं माझा हात धरला. मागचे दोन्ही आवाज थांबले होते.